वस्त्रगाळ हवा

दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकवल्याचा आवाज आला की गोरक्ष आहेर सर उठत. पिशवीचा कोपरा ते अशा बेताने कापत, की धार सरळ पातेल्यात पडावी आणि कापलेला तुकडा पिशवीलाच लोंबत राहावा. कारण धुऊन वाळवलेल्या त्या पिशव्यांत ते गच्चीवर कढीपत्त्याची रोपे लावत. चहा एका कपाचा असे, पण पातेले चौघांचे. लहान पातेले मनमाडला गेले होते. त्यांची पत्नी ज्योत्स्ना तिथे रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला होती. आठवडाभर ती तिथेच आपल्या आईपाशी राही आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नाशिकला येई. मुलगा सार्थक पुण्याच्या वसतिगृहात. त्यामुळे इंदिरानगरातल्या त्या तीन खोल्यांत आठवडाभर बोलायला कोणी नसे. सर चहा पीत, पेपर शेवटच्या पानापासून उलटा वाचत, शर्टाला स्वतः इस्त्री करत आणि मग खाली जाऊन गाडी पुसत. आधी काचा, मग टप, मग आरसे, आणि सर्वांत शेवटी, फडके पुरते काळे झाल्यावर, चाके.

गाडी रथचक्र चौकात आली की वत्सलाबाई डबा आणि छत्री सांभाळत मागच्या सीटवर बसत आणि विचारत, "काय म्हणतंय मनमाड?" त्यावर सर जे काही सांगत, ते त्यांच्या त्या दिवसातले पहिले बोलणे असे. पुढे सातपूरला तृप्ती मॅडम चढत, त्या पुढच्या सीटवर. तिघेही हरसूलच्या अलीकडे डोंगरातल्या एका माध्यमिक विद्यालयात शिकवत. सर विज्ञान, वत्सलाबाई मराठी आणि तृप्ती मॅडम गणित. त्र्यंबक मागे पडून घाट संपेपर्यंत मुख्याध्यापकांचा स्वभाव, दहावीचा निकाल, तृप्ती मॅडमना पाहायला येऊन गेलेले मुलगे, असे सगळे विषय होऊन जात. बाई शुद्धलेखनाच्या चुका सांगून हसवत आणि तृप्ती मॅडम सर्वांच्या नकला करत. सरांचा संसार आठवडाभर त्या चार चाकांवर चालत होता असे म्हटले, तर ते फार चुकीचे ठरले नसते. गेल्याच वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, त्यांना नाशिक शहरातल्या शाळेत बदली मिळत होती. ती त्यांनी नाकारली. ज्योत्स्नाला सांगितले, की उभी केलेली प्रयोगशाळा सोडवत नाही. खरे कारण रोज सकाळी गाडीत येऊन बसत होते.

प्रयोगशाळेचे म्हणणेही अगदीच खोटे नव्हते. 'टाकाऊतून टिकाऊ' या विषयात आहेर सरांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. सलाइनच्या नळ्यांचे फुफ्फुस, सायकलच्या आरीचा तराजू, औषधाच्या बाटलीचा सूक्ष्मदर्शक, अशा वस्तूंनी त्यांनी दोन कपाटे भरली होती आणि जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात ढाल मिळवली होती. बाजारात विकत मिळणारी कोणतीही वस्तू ही मुळात घरातच कुठेतरी दुसऱ्या नावाने पडलेली असते, असा त्यांचा सिद्धांत होता.

अशा माणसासमोर सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या गृहस्थाने एक काळाकुट्ट चौकोनी जिन्नस धरला.

"सर, एसीचा फिल्टर चोक झालाय. बदलावा लागेल."

"म्हणजे आहे तरी काय हे?"

"बाहेरची हवा यातून गाळून आत येते सर. धूळ इथंच अडकते."

सरांनी तो जिन्नस हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा तर घड्या घातलेला कागद आहे."

"कंपनीचा कागद आहे सर."

किंमत ऐकल्यावर सरांनी कागद परत मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी आणला. "कागदाला कंपनी कसली?" असे ते वाटेत स्वतःशीच म्हणाले. त्या सायंकाळी त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा उघडून, त्यामागची फट पाहून घेतली आणि फिल्टर गच्चीच्या कठड्यावर आपटला. पुष्कळ धूळ उडाली, पण तो काळाच राहिला. मग त्यांनी तो साबणाच्या पाण्यात भिजत घातला. सकाळी बादलीत फिल्टर नव्हता, खळ होती.

खरे तर तेव्हाच नवा आणायचा. पण त्र्यंबकच्या रस्त्याचे रुंदीकरण चालू होते, खडीच्या ट्रकांमागून जाताना काचा लावून पंखा सुरू करावाच लागे, आणि रिकाम्या फटीतून धुळीचा लोट थेट आत येई. वत्सलाबाईंना दम्याची खोड होती. त्यांनी पदर नाकाला लावून मागून सांगितले, "सर, ती वस्तू एकदा बसवून घ्या ना. माझी छाती भरते हो."

"बाई, उद्याच व्यवस्था करतो," सर म्हणाले. बाईंनी एक वस्तू मागितली होती. सरांच्या कानांवर पडला तो प्रयोगाचा विषय.

पहिली व्यवस्था कूलरच्या गवताची होती. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या जाळीतले वाळ्याचे गवत त्यांनी माळ्यावर जपून ठेवले होते. दोन दिवस गाडीत असा सुगंध दरवळला, की तृप्ती मॅडम म्हणाल्या, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखे वाटते. तिसऱ्या दिवशी पंख्याचा वेग वाढवताच काड्या सुटल्या. शाळेत उतरताना बाईंच्या अंबाड्यात इतके गवत होते, की आठवीच्या एका मुलीने त्यांना विचारले, "बाई, तुम्ही चारा आणायला गेल्ता का?" त्यातच कुणाच्या हातून पाण्याची बाटली कप्प्यात सांडली आणि चौथ्या दिवशी सकाळी गाडीला म्हशीच्या गोठ्याचा वास येऊ लागला. सरांनी गवत काढले.

दुसऱ्या व्यवस्थेविषयी ते थोडे मोघम बोलत.

"सर, आज काय बसवलंय?" तृप्ती मॅडमनी विचारले.

"सुती. शुद्ध सुती, दुहेरी घडीचं."

"कसलं सुती?"

"कापड."

व्यवस्था चांगली चालली होती. धूळ खरोखरच कमी येत होती. पण चार-पाच दिवसांनी मॅडमनी पर्स ठेवायला कप्पा उघडला, तेव्हा मागच्या फटीतून एक पांढरी पट्टी डोकावताना दिसली. त्यांनी ती दोन बोटांत धरून किंचित ओढली.

"सर, याला खांदा आहे."

सर रस्त्याकडे पाहत राहिले. "बनियन आहे. पण उत्तम प्रतीची होती."

"म्हणजे इतके दिवस आम्ही तुमच्या बनियनमधून श्वास घेतोय."

"धुतलेली आहे मॅडम. दोनदा."

मागच्या सीटवर पदर नाकाशी गेला. मग वत्सलाबाई म्हणाल्या, "तृप्ती, तेवढी काच खाली कर गं."

त्यावर तिघेही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरांना त्या हसण्यातच प्रोत्साहन दिसले. बाईंनी त्या दिवशी उतरताना पुन्हा एकदा "आता तो विकतचाच आणा" असे म्हटले होते, ते हसण्याच्या ओघात वाहून गेले.

पुढच्या व्यवस्थेची कल्पना मात्र सरांना बाईंच्याच तोंडून मिळाली, आणि पुढे त्यांना त्याचेच सर्वांत वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी गप्पांत तृप्ती मॅडमनी विचारले, की फिल्टरला मराठीत काय म्हणायचे. सर म्हणाले, गाळणी. वत्सलाबाईंना शब्द पटला नाही.

"गाळणी चहाची. हवेसारखी गोष्ट इतकी बारीक गाळायची, तर वस्त्रगाळच म्हणायला हवी. सुंठ करतात, हळद करतात, तशी. वस्त्रगाळ हवा."

बाईंनी भाषेचा प्रश्न सोडवला होता. पण सर त्या शब्दापाशीच थांबले. वस्त्रगाळ. पूर्वीच्या लोकांनी पदार्थ पिठासारखा बारीक गाळायचे तंत्र सिद्ध करून ठेवले होते आणि आपण बनियनमध्ये अडकलो होतो. शिवाय ते वस्त्र घरात होतेच. स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर, पितळी डब्यामागे, दोरीने बांधलेली एक फिकट गुलाबी, झुळझुळीत कापडाची गुंडाळी त्यांनी अनेकदा पाहिली होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती खाली काढली. त्यांना आठवडाभर सर्दी होती, वास कशाचाच येत नव्हता. कापड उजेडासमोर धरून त्यांनी विणीची बारकाई पाहिली आणि समाधानाने चार पदरी घडी करून फटीत बसवली.

आता इथे शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. संस्थेचे संस्थापक बापूसाहेब त्या वेळी नाशिकच्या एका इस्पितळात होते. वय झालेले, त्यात न्यूमोनिया. शाळेच्या परिसरात मोबाइलला रेंज नव्हती आणि दूरध्वनीची तार खोदकामात तुटली होती. म्हणून रोज सकाळी आहेर सरांची गाडी येण्याकडे साऱ्या शाळेचे डोळे लागलेले असत. गाडी फाटकातून आत शिरली, की शिपाई काळूमामा पुढे होऊन विचारी, "बापूसाहेब कसं हाय?" आणि सर सांगत, "आहे तसंच आहे." आदल्या दिवशी त्यांनी "जरा जास्तच आहे" असे सांगितले होते.

त्या सकाळी हवेत गारवा होता, म्हणून बरीच वाट काचा खाली ठेवूनच सरली. शाळा दोन वळणांवर आली असताना पुढे खडीचा ट्रक लागला. तृप्ती मॅडमनी काचा लावल्या आणि सरांनी काहीशा अभिमानाने पंखा सुरू केला.

"आज वस्त्रगाळ," ते म्हणाले. "बाई, तुमचा शब्द."

बाई काही बोलणार होत्या, पण त्यांना शिंक आली. मग तृप्ती मॅडमना आली. मग एकाच वेळी दोघींना. सरांचे नाक बंद होते, पण डोळे उघडे होते. समोर एका ट्रकाचे दोन दिसू लागले. बाहेरची धूळ कुठूनतरी आत शिरते आहे असा त्यांनी तर्क केला, आणि गाळलेली हवा अधिक मिळावी म्हणून पंखा शेवटच्या खुंटीवर नेला.

शाळेच्या फाटकातून गाडी कशीबशी आत आली. दारे उघडून तिघे उतरले ते असे, की वत्सलाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, तृप्ती मॅडम गाडीच्या टपाला धरून हुंदके दिल्यासारख्या हेलकावत होत्या, आणि आहेर सरांच्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या होत्या. काळूमामा नेहमीप्रमाणे पुढे आला आणि जागीच थबकला.

"सर," तो हळूच म्हणाला, "बापूसाहेब...?"

सरांच्या घशातून शब्द फुटेना. त्यांना पाणी हवे होते. शाळेची पाण्याची टाकी कौलांच्या वर उंच चौथऱ्यावर होती. त्यांनी काळूमामाकडे पाहून मान हलवली आणि हात वर केला.

काळूमामाने डोक्यावरची टोपी काढली. वर एकवार पाहून त्याने हात जोडले आणि काही न विचारता मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळला.

तिघे टाकीच्या मागच्या नळावर गेले. किती पाणी मारले तरी आग कमी होईना. हाताला लागलेले पुन्हा डोळ्यांत जाई. तोवर घंटा झाली. ती रोजची नव्हती, एकेक ठोका सावकाश पडत होता. तोंडे पुसत तिघे मैदानावर आले, तर सगळी शाळा रांगांत उभी होती आणि सर्वांच्या माना खाली होत्या.

"कोण गेलं?" आहेर सरांनी पुटपुटत विचारले.

"बापूसाहेबच असणार," वत्सलाबाई म्हणाल्या. "हेडसरांना निरोप आला असेल कुठूनतरी. अरेरे."

तिघांनी माना खाली घातल्या. मौन संपले. मुख्याध्यापक घसा साफ करून म्हणाले, "ही वार्ता घेऊन आलेल्या आपल्या शिक्षकांची अवस्था आपण पाहतच आहोत. तरीही मी वत्सलाबाईंना विनंती करतो, की त्यांनी दोन शब्द बोलावेत."

'घेऊन आलेल्या' हे शब्द वाऱ्यावर गेले. त्या वेळी सरांना शिंक आली होती आणि ती दाबण्यात ते गुंतले होते. वत्सलाबाई पुढे झाल्या. तीस वर्षांपूर्वी बापूसाहेबांनीच त्यांना या शाळेवर घेतले होते. त्या बोलल्या त्यात शब्दांची आरास नव्हती. नागली काढायला गेलेल्या आयांच्या मागे बांधाबांधाने फिरून बापूसाहेबांनी मुले गोळा केली, कुडाच्या पहिल्या वर्गात पाऊस गळू लागला तेव्हा स्वतःची घोंगडी छपरावर टाकली, असे त्या सांगत राहिल्या. बोलता बोलता त्या डोळे पुसत, आणि पुसले की ते अधिकच वाहत. काळूमामा मोठ्याने रडू लागला. तृप्ती मॅडमच्या डोळ्यांत आता आगीचे किती आणि दुःखाचे किती, हे त्यांनाही सांगता आले नसते. शाळेला सुट्टी जाहीर झाली. मुले फाटकापर्यंत मान खाली घालून गेली आणि फाटकाबाहेर पडताच धावत सुटली. हरसूलला त्या दिवशी बाजार होता.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. मुख्याध्यापकांनी कप हातात घेऊन खालच्या आवाजात विचारले, "आहेर सर, किती वाजता गेले?"

"ते... निरोप तुम्हालाच आला ना?"

"मला कसा येईल? फोन बंद आहे."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्ही."

मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. काळूमामाला बोलावले गेले. तो म्हणाला, "सर बोलले नाय. पण त्यांनी वर दावलं."

"अरे, मी टाकी दाखवली."

"मला काय ठावं?" काळूमामा म्हणाला. "तुमी तिघं बी लय रडत व्हते. टाकीसाठी कोण रडतं?"

मुख्याध्यापक स्कूटर काढून हरसूलला धावले. बाजारात बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. दोन कापडवाल्यांनी गाठोडी बांधायला घेतली होती आणि भेळवाला फोटोला हार कुठे मिळेल याची चौकशी करत होता. एसटीडी बूथवरून इस्पितळात फोन लागला, तेव्हा बापूसाहेब मुगाची खिचडी खात होते आणि तीत मीठ नाही म्हणून सुनेवर रागावले होते.

परतीच्या वाटेवर काचा उघड्या होत्या. त्र्यंबक मागे पडले. मग वत्सलाबाई म्हणाल्या, "मिरची आहे ती, सर. मला कळते."

"शक्य नाही बाई. कापड स्वच्छ आहे. गुलाबी."

बाईंनी वाद घातला नाही. रथचक्र चौकात उतरल्यावर त्या गाडीच्या खिडकीशी थांबल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"सर, जिवंत माणसावर मी श्रद्धांजलीचं भाषण केलं. पाचशे मुलांसमोर. आता हसतील सगळे, मीही हसेन. त्याचं एवढं नाही. पण तुमच्या गवताला मी काही म्हटलं नाही, बनियनला नाही. दोनदा सांगितलं होतं, की छाती भरते. तुम्ही काय बसवताय ते एकदा मला विचारलं असतंत, तर बरं वाटलं असतं. उद्यापासून मी एसटीनं जाईन. तृप्तीही येते म्हणाली."

त्या संध्याकाळी सरांनी मनमाडला फोन लावला. ज्योत्स्ना सगळी हकिकत ऐकून आधी इतकी हसली, की तिच्या आईने पलीकडून काय झाले म्हणून विचारले. मग ती एकदम थांबली.

"कुठलं गुलाबी कापड?"

"पितळी डब्यामागचं. दोरीनं बांधलेलं."

"अहो, आपल्या घरात गुलाबी कापड कधी होतं? पांढरं आहे ते. उन्हाळ्यात आई तिकडे आली, की डंकावरून कुटून आणलेली मिरची त्यातून गाळते. सात-आठ वर्षांची मिरची आहे त्यात."

"धुवत नाही का तुम्ही ते?"

"मसाल्याचं कापड कोणी धुतं का? झटकून ठेवतात." मग तिने विचारले, "बाई काय म्हणाल्या?"

"एसटीनं जाते म्हणाल्या. विचारलं असतंत तर बरं वाटलं असतं, म्हणाल्या."

"खरंच आहे त्यांचं," ज्योत्स्ना म्हणाली. "मलाही कुठे विचारलंत?"

दुसऱ्या दिवसापासून सर एकटेच गाडी घेऊन जाऊ लागले. पहिल्या दिवशी सवयीने रथचक्र चौकात गाडी थांबली आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवल्यावर निघाली. सरांनी रेडिओ लावून पाहिला. त्र्यंबकच्या पुढे तो खरखरू लागला, तेव्हा बंद केला. घाटात त्यांना एक फार चांगली कोटी सुचली, 'वस्त्रगाळ' आणि 'वस्त्रहरण' यांच्यावर. ती ऐकवायला बाजूला पर्सही नव्हती.

शाळेत मात्र बाई त्यांच्याशी रुसलेल्या नव्हत्या, आणि हेच सरांना जड जात होते. बापूसाहेबांनी इस्पितळातून निरोप पाठवला, की भाषण फार सरस झाले असे ऐकतो, तरी पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून एक प्रत तयार ठेवावी. त्यावर शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला आणि त्यात वत्सलाबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता. त्यांनी आपल्या डब्यातली भाजीही सरांपुढे सरकवली. पण शाळा सुटली की त्या छत्री घेऊन तृप्ती मॅडमबरोबर एसटीच्या थांब्याकडे चालू लागत. मोडक्या खिडक्यांच्या त्या बसमध्ये धूळ काही कमी नव्हती. एकदा गाडी बसच्या मागून जात असताना सरांनी पाहिले, की मागच्या काचेशी बाई पदर नाकाला लावून बसल्या आहेत आणि तृप्ती मॅडम त्यांची पाठ चोळत आहेत. सरांना ओव्हरटेक करता आला असता. ते त्र्यंबकपर्यंत बसच्या मागेच राहिले.

शुक्रवारी शाळेतून परतताना ते सर्व्हिस सेंटरपाशी थांबले. टाय लावलेला गृहस्थ पुढे आला.

"एसीचा फिल्टर," सर म्हणाले. "कंपनीचा."

"सर, स्वस्तात दुसऱ्या मेकचाही आहे. फिटिंग तेच."

सरांच्या मनात क्षणभर काहीतरी चाळवले. "कंपनीचाच द्या," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी फट ओल्या फडक्याने पुसली. मिरचीचा शेवटचा कण जाईपर्यंत त्यांना तीन फडकी लागली आणि पुष्कळ शिंका आल्या. सर्दी तोवर गेली होती. फिल्टर सहज आत बसला, जणू ती फट इतके दिवस त्याचीच वाट पाहत होती. पंखा लावला. हवेला कसलाही वास नव्हता. ते गाडीत थोडा वेळ तसेच बसून राहिले. उद्या सकाळी चौकात जाऊन दार उघडून धरावे, बाईंना हात करावा, असे त्यांनी ठरवले. मग त्यांच्या लक्षात आले, की हीदेखील एक व्यवस्थाच झाली, आणि तीही न विचारता केलेली.

शनिवारी सकाळी गाडी इमारतीखाली पुसलेली उभी होती आणि आहेर सर रिक्षाने जुन्या सी.बी.एस.वर गेले. हरसूलची बस लागली होती. वत्सलाबाई आणि बसायला जागा मिळावी म्हणून सातपूरहून उलट्या आलेल्या तृप्ती मॅडम तिसऱ्या बाकावर होत्या.

"सर, गाडी बिघडली?" तृप्ती मॅडमनी विचारले.

"नाही. गाडी ठीक आहे."

"मग?"

"विचारायला आलोय." ते बाकाच्या दांडीला धरून उभे राहिले. "बाई, मिरचीच होती ती. तुमचं बरोबर होतं. चुकलं माझं. आता कंपनीचा आणलाय. सोमवारपासून तुम्ही गाडीनं याल का?"

वत्सलाबाईंनी चष्मा लावला. "खोकं आणलंय?"

सरांनी पिशवीतून रिकामे खोके काढून दिले. बाईंनी ते उत्तरपत्रिका तपासावी तसे चारही बाजूंनी वाचले, एका ठिकाणी छपाईतली चूक दाखवली आणि तृप्ती मॅडमकडे दिले.

"खोकं फेकणार ना तुम्ही?" तृप्ती मॅडम म्हणाल्या. "की यातून काही टिकाऊ?"

कंडक्टरने दोरी ओढली, बस हलली, आणि उघड्या खिडक्यांतून पहिला लोट आत आला. वत्सलाबाई खिडकीकडे सरकल्या आणि बाकावर मोकळी झालेली जागा त्यांनी छत्रीच्या टोकाने दाखवली.

"बसा. काय म्हणतंय मनमाड?"

सोमवारी रथचक्र चौकात गाडी थांबली. वत्सलाबाई बसल्या, सातपूरला तृप्ती मॅडम बसल्या. त्र्यंबकच्या अलीकडे खडीचा ट्रक पुढे आला तेव्हा काचा वर झाल्या. सरांचा हात पंख्याच्या खुंटीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बाई, लावू का?"

"लावा," बाई म्हणाल्या. "एकवरच ठेवा."

सरांनी खुंटी एकवर ठेवली.